अण्णांचं बीपी १७४/१०२, आणि अण्णा म्हणतात मशीनच येडं आहे

गोडोलीकर
१२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबलाय थोडा, सांभाळून घ्या.

माझे वडील, अण्णा, वय ६७. एसटीत ड्रायव्हर होते ३१ वर्षं, त्यातली निम्मी मुंबईच्या रातराणीवर काढली. रिटायर झाल्यापासून रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात, बिडी नाही, दारू नाही, त्यामुळं घरात सगळ्यांचा समज की माणूस लोखंडाचा आहे. मागच्या महिन्यात ज्येष्ठांच्या कट्ट्यावर कुणीतरी तपासणी शिबिर घेतलं, फुकट आहे म्हणून अण्णाही रांगेत बसले, तर १७४/१०२. तिथल्या पोरीनं परत घेतलं, १७०/१००. अण्णा घरी येऊन म्हणतात मशीनच येडं आहे, मी किल्ला चढून येतो, मला कसलं बीपी. दुसऱ्या दिवशी ओढत डॉक्टरांकडं नेलं, तिथं १६८/९८ भरलं. त्यांनी अम्लोडिपिन ५ ची गोळी लिहून दिली, रक्त-लघवी तपासा म्हणाले, मीठ कमी करा म्हणाले, दोन मिनिटांत बाहेर. मागं तीसेक जणांची रांग होती, ते तरी किती बोलणार.

अण्णांनी सहा दिवस गोळी घेतली आणि सातव्या दिवशी स्वतःच बंद केली. विचारलं तर म्हणे "सहा दिवसांत काय फरक पडला? आणि मुळात मला होतंय काय? डोकं दुखत नाही, चक्कर नाही. गोळी एकदा लागली की जन्माची लागते, आप्पांचं बघ." आप्पा म्हणजे आमचे शेजारी, ते दहा वर्षं गोळी घेतायत आणि ठणठणीत आहेत, म्हणजे खरं तर उदाहरण उलटं आहे पण अण्णांना कोण सांगणार.

मी घरी मशीन आणलं तर त्यानं अजून घोळ. बाहेरून आल्या आल्या १७१, जेवता जेवता १५८, रात्री बातम्या बघताना १६६, काल सकाळी १४९. आता मलाच कळेना खरं कुठलं धरायचं. आईचं घेतलं तर ११८ आलं, म्हणजे मशीन बरं असावं. रक्त-लघवी अजून केलेली नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा, अण्णांना पटेल असं काहीतरी सांगा.

रहिमतपुरी
१२ जानेवारी, रात्री ११:०५

सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या आणि दुधीचा रस. आमच्या चुलत्यांचं बीपी महिन्यात खाली आलं. गोळ्यांच्या नादी लागू नका.

ऊनपाऊस
१२ जानेवारी, रात्री ११:२०

@रहिमतपुरी लसूण खा, भाजीत छान लागतो. पण दुधीचा रस कडू लागला तर लगेच थुंकून टाका, ही मस्करी नाही, कडू दुधीच्या रसानं विषबाधा होऊन माणसं दगावलीत आपल्याकडं. चुलते गोळी पण घेत होते का तेव्हा?

रहिमतपुरी
१२ जानेवारी, रात्री ११:३१

घेत होते. पण फरक रसानंच पडला.

मिरजवाला_एमडी
१३ जानेवारी, सकाळी ६:५०

मिरजेत फिजिशियन आहे. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही त्यामुळं डोस वगैरे इथं सांगणार नाही, पण मोजण्याबद्दल आणि त्या सहा दिवसांबद्दल नक्की बोलेन.

आधी सहा दिवस. अम्लोडिपिन हळू चढणारं औषध आहे, रोज घेतल्यावर रक्तात त्याची पातळी स्थिर व्हायला सात-आठ दिवस जातात. म्हणजे अण्णांनी नेमकी कुठं बंद केली बघा. भात शिजत आला आणि गॅस बंद केला. शिबिरात दोनदा आणि दवाखान्यात एकदा १६० च्या वर आलंय तेव्हा निदानात शंका घ्यायला जागा नाही, आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी परत सुरू करून घ्या. मशीनची खातरजमा गोळी चालू ठेवूनही करता येते.

आता मोजणं. तुम्ही जे चार आकडे दिलेत ते चारही मी बाद करतो. बाहेरून आल्या आल्या, जेवताना, बातम्या बघताना घेतलेलं बीपी हे बीपी नसतं, ती त्या क्षणाची धावपळ असते. लघवी लागलेली असली तरी आकडा चढतो, घेताना बोललं तरी चढतो, पायावर पाय टाकून बसलं तरी थोडा चढतो, हात खाली लोंबत असला तर चांगलाच चढतो. चहा, तंबाखू, व्यायाम यानंतर अर्धा तास थांबायचं. मग लघवी करून यायचं, पाठ टेकून खुर्चीत बसायचं, दोन्ही तळपाय जमिनीला, हात टेबलावर, दंडाचा पट्टा छातीच्या पातळीला, उघड्या दंडावर, स्वेटरच्या बाहीवरून नको (साताऱ्यात जानेवारीत सगळे तेच करतात). पाच मिनिटं गप्प. मग एकदा घ्या, एक-दोन मिनिटं थांबून दुसऱ्यांदा घ्या, दोन्ही लिहा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाआधी. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५.

आणि पट्टा बघा. त्यावर दंडाचा घेर सेंटिमीटरमध्ये छापलेला असतो, बहुतेक मशीनबरोबर २२ ते ३२ चा येतो. दंड त्यापेक्षा जाड असेल तर छोटा पट्टा आकडा जास्त दाखवतो. आईचं बरोबर आलं म्हणून अण्णांचं बरोबर असेल असं नाही. दोघांचे दंड सारखे नसतात.

पहिल्यांदा दोन्ही हातांचं घ्या, ज्या हाताचं जास्त येईल तो हात कायमचा धरा. मनगटाची मशीनं मी तरी सुचवत नाही.

माहुलीची_सून
१३ जानेवारी, सकाळी ९:१५

डॉक्टर, हे पट्ट्याचं कुणीच सांगत नाही हो! माझ्या सासूबाईंचा दंड जाड आहे, घरी कायम १६०-१६५ यायचं, एका ठिकाणी गोळ्या वाढवत वाढवत तीनवर नेल्या. दुसरीकडं मोठ्या पट्ट्यानं घेतलं तर १३८. आणि मधल्या काळात त्या दोनदा मोरीत चक्कर येऊन पडल्या.

थंड_टायर
१३ जानेवारी, दुपारी १:०२

गोडोलीकर, तुमच्या अण्णांना माझा रामराम सांगा. मी पण एसटीचाच, वर्कशॉपला होतो, हेड मेकॅनिक म्हणून सुटलो. स्वतः बारा वर्षं बीपीची गोळी खातोय. त्यांना डॉक्टरी भाषा नाही पटायची, माझ्याकडनं एवढं वाचून दाखवा.

अण्णा, टायरमधली हवा कधी बघायची? गाडी आगारातनं निघायच्या आधी, थंड टायरवर. खंबाटकी उतरून आल्यावर गेज लावलं तर हवा जास्तच दाखवणार, आणि त्या आकड्यावर भरोसा ठेवून कुणी हवा सोडली तर सकाळी टायर बसलेला. बरोबर? मग तुम्ही किल्ला उतरून आल्या आल्या दंडाला पट्टा का बांधता? डॉक्टर जे पाच मिनिटं गप बसा म्हणतात ना, ते टायर थंड करणं आहे.

आता दुसरं. मला काय होत नाही म्हणता. ब्रेकचं लायनर झिजताना आवाज करतं का? आवाज येतो तो लायनर संपून लोखंड ड्रमला घासायला लागल्यावर. तेव्हा नुसतं लायनर बदलून भागत नाही, ड्रम पण गेलेला असतो. हितं ड्रम म्हणजे मेंदू, किडनी, हार्ट आणि डोळ्याचा पडदा. आणि ते स्टोअरला मिळत नाहीत.

तिसरं, गोळीची सवय लागते म्हणता. गाडीत ऑइल टाकलं म्हणून गाडीला ऑइलचं व्यसन लागलं असं म्हणतो का आपण?

गोडोलीकर
१३ जानेवारी, संध्याकाळी ७:४८

@थंड_टायर साहेब, जेवायच्या आधी वाचून दाखवलं. खंबाटकीपर्यंत हसत होते, लायनरला आल्यावर गप्प झाले. मग विचारलं "हा कुठल्या आगाराचा रे?" एवढंच. पण डॉक्टरांना फोन झाला, गोळी चालू झाली. उद्यापासून वहीत लिहायचं कबूल केलंय.

सत्यशोधन_आरोग्याचं
१३ जानेवारी, रात्री ९:३०

सगळे एका सुरात गोळ्या घ्या म्हणताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. पूर्वी शंभर अधिक वय हा हिशोब होता, म्हणजे ६७ वर्षांच्या माणसाला १६७ नॉर्मल. मग १४० केलं, अमेरिकेनं २०१७ साली १३० केलं. एका रात्रीत कोट्यवधी माणसं आजारी झाली! कुणाचा फायदा झाला विचार करा. आपल्याकडं सर्पगंधा हजारो वर्षांपासून आहे, ती दाबली कारण तिचं पेटंट घेता येत नाही.

मिरजवाला_एमडी
१४ जानेवारी, सकाळी ७:१०

तिळगूळ घ्या आधी, म्हणजे पुढचं गोड लागेल.

तुमचं पहिलं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. १३० च्या रेघेवर डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत आणि भारतात सरकारी कार्यक्रमात आजही निदानासाठी १४०/९० च धरतात. पण १७४ हे कुणाच्याच वहीत नॉर्मल नाही. शंभर अधिक वय हा हिशोब ज्या काळात चालायचा त्या काळात बीपीवर धड औषधच नव्हतं, त्यामुळं वाढलेलं बीपी वयाचा भाग म्हणून सोडून द्यायचे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट, जगातली सगळ्यात चांगली वैद्यकीय सेवा दाराशी, त्यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत गेलं आणि १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, त्या दिवशी मोजलेला आकडा होता ३००/१९०. त्यांना देण्यासारखं जे आज आपल्या उपकेंद्रात फुकट मिळतं ते तेव्हा नव्हतं.

आणि सर्पगंधा दाबली? उलट आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवरचा लेख छापला आणि त्यानंतर सगळ्या जगाचं लक्ष तिकडं गेलं. तिच्या मुळातून १९५२ साली रेसर्पिन वेगळं काढलं, गोळी निघाली, कंपन्यांनी पोत्यानं विकली. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. पुढं मागं पडली कारण काही रुग्ण उदास व्हायचे, नाक चोंदायचं, आणि तिच्यापेक्षा सोसवणारी औषधं आली. तेव्हा अभिमान जरूर बाळगा, मीही बाळगतो, पण बाजारातलं चूर्ण आणून चमच्यानं घेऊ नका, त्यात औषधी भाग किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

अजून एक, जेष्ठमध. खोकल्यावर म्हणून लोक महिनोन् महिने चघळतात. जास्त जेष्ठमधानं शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं. "नैसर्गिक आहे, त्रास नाही" म्हणणाऱ्यांसाठी.

सत्यशोधन_आरोग्याचं
१४ जानेवारी, सकाळी १०:०२

वकिलांचं माहीत नव्हतं. बाकी मतं कायम आहेत. तिळगूळ घ्या.

उपकेंद्राची_ताई
१४ जानेवारी, दुपारी ३:२०

मी सातारा जिल्ह्यातच उपकेंद्रावर नर्स आहे, तालुका सांगत नाही. थोडं सरकारी बाजूचं लिहिते कारण इथं सगळे खाजगीचंच बोलतायत.

२०१७ च्या शेवटी देशात बीपी नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला त्यात महाराष्ट्रातून पहिल्यांदा जे जिल्हे घेतले त्यात आपला सातारा होता, बरोबर सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा. आम्ही ३० वर्षांपुढच्या सगळ्यांचं बीपी बघतो. ज्याचं वाढलेलं निघतं त्याचं कार्ड करतो, गोळ्या फुकट, महिन्याच्या एकदम देतो. नाही आला तर फोन, फोन नाही लागला तर आशाताई घरी. ऐकायला सोपं आहे पण माणूस सापडला पाहिजे ना. शेतात गेलेला, मुंबईला पोराकडं गेलेला, ऊसतोडीला गेलेला. एक आजी दर वेळी सांगायच्या गोळ्या संपल्या, मला शंका आली, घरी गेले तर देव्हाऱ्याखालच्या डब्यात सगळ्या पट्ट्या अख्ख्या. म्हणाल्या, तू एवढ्या लांबनं देतीस, नको कसं म्हणू.

बायकांना तंबाखू विचारलं तर शंभरातल्या नव्वद जणी नाही म्हणतात. मशेरी लावता का विचारलं की हो. मशेरीला आमच्याकडं तंबाखू धरतच नाहीत! सकाळी मशेरी लावून तशाच बीपी मोजायला येतात.

आणि वारी. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्या जिल्ह्यातनं जाते तेव्हा आमची ड्युटी असते. दिवसभर चालून, जागरण करून लोक येतात, गोळ्या विचारल्या तर म्हणतात माउलीवर सोडून आलोय. मी म्हणते आजोबा, माउलीनंच मला हिथं बसवलंय. घेतात मग.

गोडोलीकर, तुमचे वडील पेन्शनर आहेत, खाजगीत परवडत असेल तर ठीक, नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात जा, नाहीतर जनऔषधीत. अम्लोडिपिन काय सोन्याची गोळी नाही, स्वस्त औषध आहे.

गोडोलीकर
२२ जानेवारी, रात्री ९:५५

अपडेट. अण्णांनी वही केली, आणि वही म्हणजे अगदी लॉगशीट. वेळ, वरचं, खालचं, शेरा. शेऱ्यात काय काय लिहिलंय बघा:

"१५/१ सकाळ ६:१० - १५८/९४ - थंडी फार."
"१६/१ रात्र ७:४५ - १७२/९८ - धाकट्याचा फोन, बांधाचा विषय."
"१७/१ रात्र ७:४० - १५०/९२ - फोन बंद ठेवला."

सरासरी आली १५४/९३. म्हणजे गोळी चालू होऊन आठवडा झाला तरी खाली येईना. पट्टा बरोबर आहे, दंड मोजला, २९.

तर आज गंमत म्हणा की काय म्हणा. आईनं माळा आवरायला काढला, अण्णांच्या जुन्या खाकी बॅगेत श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा निघाला. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या, काही अर्ध्या, काही नव्या. मी वाचलं, डायक्लोफेनॅक. अण्णांना विचारलं हे काय, तर म्हणे गुडघ्याची गोळी. किल्ला चढून आल्यावर गुडघा ठणकतो म्हणून रोज एक, जास्त दुखलं तर रात्री अजून एक, दोन वर्षं झाली. कुणी दिली? मेडिकलवाल्यानं. चिठ्ठी? कसली चिठ्ठी, ओळखीचाय. डॉक्टरांना सांगितलं होतं का? "त्यांनी बीपीचं विचारलं, गुडघ्याचं कुठं विचारलं?"

म्हणजे ज्या किल्ल्याच्या जोरावर माणूस म्हणतोय मला बीपी कसं होईल, तो किल्ला रोज दुखण्याच्या गोळीवर चढला जातोय. डॉक्टर, याचा बीपीशी संबंध असतो का?

मिरजवाला_एमडी
२२ जानेवारी, रात्री १०:३०

असतो, आणि चांगलाच असतो. उद्या सकाळी तो डबा तसाच्या तसा डॉक्टरांसमोर नेऊन ठेवा.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या किडनीला मीठ आणि पाणी बाहेर टाकू देत नाहीत, साठवून ठेवतात. बीपी वाढतं, शिवाय बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा जोर त्या मारून टाकतात. एखाद्या दिवशी घेतल्यानं आभाळ कोसळत नाही, पण दोन वर्षं रोज म्हणजे किडनीलाही मार. क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवीतली प्रथिनं बघितल्याशिवाय राहू नका, ती तपासणी राहिलीय म्हणाला होतात. पुढं कधी बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलच्या जातीची गोळी लागली, जोडीला लघवी वाढवणारी पाण्याची गोळी लागली, आणि वरनं हे गुडघ्याचं औषध चालूच राहिलं, तर तिघं मिळून किडनी बसवू शकतात. मी वर्षातून असे अनेक बघतो, उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांचं निमित्त होतं आणि येतात.

गुडघ्यासाठी दुसरे मार्ग आहेत, मांडीचे व्यायाम, लावायचं मलम, पॅरासिटामॉल, ते पण विचारून. आणि रोज किल्लाच कशाला? सपाटीवर चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चालणं पुरतं.

थंड_टायर
२२ जानेवारी, रात्री १०:५१

एका पायानं ब्रेक, दुसऱ्यानं रेस! अण्णा, ३१ वर्षांत एवढी वाईट गाडी चालवली होती का?

कुपवाडचा_भडंगप्रेमी
२३ जानेवारी, सकाळी ११:१२

मिठाचं कुणी बोललंच नाही नीट. मी सांगलीचा, माझं निदान ४१ व्या वर्षी झालं. मला आहारतज्ज्ञ बाईंनी पाच ग्रॅम मीठ सांगितलं दिवसाला, एक छोटा चमचा सपाट. मी म्हटलं आम्ही तेवढंच खातो. त्या म्हणाल्या घरी महिन्याला मिठाच्या पिशव्या किती लागतात? बायको म्हणाली दीड किलो. माणसं चार. हिशोब करा, १५०० भागिले ४ भागिले ३०, साडेबारा ग्रॅम! त्यातलं थोडं भांड्यात, पाण्यात जात असेल, पण भडंग, फरसाण, पापड, बाहेरची मिसळ यातलं मीठ वेगळंच, ते पिशवीत येतच नाही. प्रत्येकानं आपल्या घरचा हिशोब करून बघा, फार लाज वाटते.

ताटातलं मीठ बंद केलं, लोणचं आठवड्यातून एकदा, खरडा बिनमिठाचा करून वर लिंबू पिळतो. पहिले पंधरा दिवस जेवण मातीसारखं लागलं, खोटं बोलत नाही. मग जीभ सुधारते. आता हॉटेलची भाजी खारट लागते. वजन ८८ वरून ८० वर आणलं. भडंग सोडलेली नाही, मूठभर, रविवारी. सांगलीत राहून भडंग सोडली तर माणूस जगून करणार काय.

माहुलीची_सून
२३ जानेवारी, दुपारी १२:४०

आम्ही सैंधव वापरतो, ते चालतं ना?

मिरजवाला_एमडी
२३ जानेवारी, दुपारी २:०५

सैंधव पण जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच आहे, रंग वेगळा. पापडखार, खायचा सोडा यातही सोडियम असतं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, बऱ्याच लोकांना चांगलं, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर न विचारता नको.

@कुपवाडचा तुमचं ४१ ला निघालं, घोरता का? दिवसा झोप येते का? तरुण वयात बीपी निघालं की किडनी, थायरॉइड, ॲड्रिनल ग्रंथी आणि झोपेत श्वास अडकणं हे एकदा बघून घ्यावं.

कुपवाडचा_भडंगप्रेमी
२३ जानेवारी, दुपारी २:३०

बायको म्हणते इंजिन आहे. दाखवतो.

ऊनपाऊस
२४ जानेवारी, रात्री ११:४८

लिहू की नको करत होते दहा दिवस.

माझे बाबा शिक्षक होते. गोळी चालू होती, आकडा १३०-८० यायला लागला म्हणून त्यांनी स्वतःच बंद केली, बरं झालं म्हणून. गोळीनं खाली आलं होतं हे आम्हाला कुणालाच सुचलं नाही. चार महिन्यांनी एका पहाटे उठले तर उजवा हात उचलेना, बोलणं जड. आईला वाटलं वारं गेलं असेल, तेल चोळलं. मला सकाळी आठला फोन केला. मी कोल्हापुरात. एका दवाखान्यात नेलं तर बीपी २२० बघून तिथं जिभेखाली कॅप्सूल फोडली, अजून दोन तास ठेवलं. मोठ्या ठिकाणी पोचेपर्यंत दुपारचा एक. ते म्हणाले गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ साडेचार तासांची असते, ती गेली.

बाबा आहेत. डाव्या हातानं जेवतात. फळ्यावर अक्षर इतकं सुंदर होतं त्यांचं.

मिरजवाला_एमडी
२५ जानेवारी, सकाळी ७:००

ऊनपाऊस, लिहिलंत ते बरं केलंत.

इतरांसाठी एवढंच: तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, धाप, एकाएकी कमी दिसणं, यातलं काहीही असेल तर आकडा मोजत बसू नका, १०८ लावा आणि जिथं सीटी स्कॅनची सोय आहे तिथंच थेट जा. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची पद्धत केव्हाच चुकीची ठरलीय, बीपी धाडकन पडतं आणि मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही कमी होतो.

आणि काहीच त्रास नाही पण १८०/१२० च्या वर आलं, तर शांत बसून पाच मिनिटांनी परत घ्या. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मनानं दोन गोळ्या जास्त घेऊ नका.

माहुलीची_सून
२ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

एक विचारायचं राहिलं. सासऱ्यांना अम्लोडिपिननं घोट्याजवळ सूज येते, ते म्हणतात किडनी गेली, बंद करतो.

उपकेंद्राची_ताई
२ फेब्रुवारी, दुपारी १:१५

या गोळीनं येते सूज काहींना, बहुतेक वेळा किडनीचं काही नसतं, पण एकदा दाखवून खात्री करा. डोस कमी करतात नाहीतर गोळी बदलतात. तसंच रामिप्रिल, एनालाप्रिलनं कोरडा खोकला लागतो, आमच्याकडं एक जण तीन महिने खोकल्याची बाटली पीत होता. गोळी सोसत नसेल तर बदलून मागा, बंद करू नका. बदलून मागायचं असतं हेच लोकांना माहीत नसतं.

गोडोलीकर
१९ एप्रिल, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून.

डबा दाखवला. डॉक्टर आमच्यावर नाही, स्वतःवर चिडले, मी विचारायला पाहिजे होतं म्हणाले. क्रिएटिनिन तेव्हा १.४ होतं, डायक्लोफेनॅक बंद करून सहा आठवड्यांनी १.१ आलं. बीपीला दुसरी गोळी जोडली. फेब्रुवारीअखेर सरासरी १३४/८२. किल्ला आता रविवारी, बाकी दिवस सपाटीवर. आईनं मिठाचा हिशोब केला, आम्ही माणशी दिवसाला अकरा ग्रॅमवर होतो, आता सातपर्यंत आलोय. त्याच्या खाली येत नाहीये कारण अण्णा आमटीत चोरून घालतात.

या महिन्यात ऊन वाढलं तसं दोनदा उठताना अंधारी आली. वहीत बघितलं तर १०८/६६, शेरा: "उभं राहिल्यावर गाडी डोलली." थंडीत चढतं, उन्हात उतरतं, असं डॉक्टर म्हणाले आणि एक गोळी निम्मी केली, हिवाळ्यात परत बघू. यावेळी बंद नाही केली स्वतःहून, फोन केला. मला तर तेच मोठं वाटतं.

आणि शेवटचं. अण्णा मशीन पिशवीत घालून कट्ट्यावर नेतात आता. चारजण बसलेले असतात दंड उघडे टाकून. अण्णांचा नियम असा की पाच मिनिटं एकानंही तोंड उघडायचं नाही, घड्याळ लावून. निम्म्यांचं तर गप्प बसवल्यावरच उतरतं. उरलेल्यांना विचारतात, गुडघ्याला काय खाता?

थंड_टायर
१९ एप्रिल, रात्री ९:४४

तो आगाराचा प्रश्न राहिला होता. सांगा अण्णांना, फलटण.